सुरतेतील काँग्रेस : एका शून्याचा अभ्यास

2020 साली आपला सचिन परिसर सुरत महानगरपालिकेत आला व पुढच्याच फेब्रुवारीत मतदान झाले. 2015 मध्ये 36 जागा जिंकणाऱ्या काँग्रेसला 120 पैकी एकही जागा मिळाली नाही. भाजप 93, आम आदमी पक्ष 27. उमेदवारीवरून पाटीदार आंदोलनाचे कार्यकर्ते रुसले, आणि ती नाराजी ‘आप’ने अलगद झेलली. मार्चमध्ये प्रदेशाध्यक्ष अमित चावडा यांनी राजीनामा दिला. जगदीश ठाकोर नेमले गेले ते थेट डिसेंबरात. मधल्या नऊ महिन्यांत, राजीनामा दिलेल्या अध्यक्षाचा शब्द तालुक्यात कोण मानणार? मे 2022 मध्ये कार्याध्यक्ष हार्दिक पटेलही गेले. त्या डिसेंबरात विधानसभेतील 2017 च्या 77 जागांच्या 17 झाल्या.