अडवलेली मजुरी
शास्त्रपाठ : याकोब ५:१-६, अनुवाद २४:१४-१५

आपल्या निपाणी भागाला विडीचा धंदा नवा नाही. विडी वळणाऱ्या बहिणीची मजुरी हजार विड्यांमागे ठरते. मोजणीच्या वेळी काही विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या, की तेवढे तिचे कष्ट वाया जातात. म्हणूनच १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यात नाकारलेल्या विड्यांच्या तंट्यांसाठी वेगळे कलम घालावे लागले.

याकोब सांगतो की, अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते. मजूर गप्प बसला, तरी त्याची मजुरी गप्प बसत नाही. मोशेचे नियमशास्त्र तर वेळही ठरवून देते : सूर्य मावळण्याच्या आत. कारण गरिबाची चूल त्या पैशांवर पेटावयाची असते.

कोणी म्हणेल, आमचा कुठे कारखाना आहे? परंतु धुणेभांडी करणारी बाई, शेतावरचा गडी, उपासनामंदिर झाडणारा भाऊ, हे आपलेच मजूर नव्हेत काय? शनिवारी ज्याचे त्याला द्यावयाचे राहिले, तेच पैसे रविवारी दानाच्या थैलीत पडले, तर ते दान आपले नव्हे असे आम्हांस वाटते.

वर्गासाठी प्रश्न : आज सूर्य मावळण्यापूर्वी आपण कोणाचे देणे द्यावयाचे आहे?