वीजबिलाचे टप्पे आणि घरातील पंखे

प्रश्न : दिवे वेळेवर बंद करूनही चौघांच्या कुटुंबाचे वीजबिल कमी का होत नाही?

उत्तर : १,००० वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट वीज खर्च होते, त्यामुळे ९ वॅटच्या एलईडी दिव्यापेक्षा दिवसभर फिरणाऱ्या पंख्याचा वाटा बिलात कितीतरी मोठा असतो. ७५ वॅटचा जुना पंखा रोज बारा तास चालल्यास महिन्याला २७ युनिटे लागतात, तर ३० वॅटच्या बीएलडीसी पंख्याला, म्हणजे घर्षण करणाऱ्या कार्बन ब्रशविना चालणाऱ्या मोटरीच्या पंख्याला, सुमारे ११ युनिटे पुरतात.

महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनी वाढतात, म्हणजे पहिल्या १०० युनिटांना सर्वांत कमी आणि त्यापुढील प्रत्येक टप्प्यातील युनिटांना अधिक दर लागतो. म्हणून वाचणारे युनिट हे नेहमी सर्वांत महाग टप्प्यातील असते. सर्व पंखे एकदम बदलणे परवडत नसल्यास सर्वाधिक तास चालणारा पंखा प्रथम बदलावा, वातानुकूलन यंत्र २४ अंशांवर ठेवावे आणि बिलातील रकमेऐवजी दरमहा युनिटांची नोंद करावी, कारण दर बदलले तरी बचतीचे खरे मोजमाप युनिटेच दाखवतात.