कापसाची वाट

वर्धा जिल्ह्यातील पुष्कळशी जमीन काळी, कसदार व ओल धरून ठेवणारी आहे. कापसाला अशी जमीन फार मानवते. हिंगणघाटचा कापूस आगगाडी येण्यापूर्वीही दूरवर नावाजलेला होता. परंतु त्या काळी कापूस पिकविण्याइतकेच तो बाजारी पोचविणेही कठीण असे. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून तांडे मजल दरमजल करीत गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात. वाटेत पाऊस गाठी. धुळीने कापूस मळे. मालाच्या किमतीचा मोठा वाटा वाहतुकीतच खर्ची पडे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला व मँचेस्टर भागातील गिरण्या थंडावल्या. साहजिकच गिरणीमालकांची दृष्टी आपल्याकडील कापसाकडे अधिक वळली. त्याच काळात मुंबईकडून येणाऱ्या लोहमार्गाचे काम चालू होते. तो १८६७ मध्ये नागपूरला पोचला. या मार्गावरील पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी १८६६ मध्ये वर्धा शहर आखण्यात आले. जिल्ह्याचे मुख्य ठाणे पुलगावजवळच्या कवठ्याहून तेथे आले. एक गाव मागे पडले, दुसरे पुढे आले!

आता कापूस थोड्या दिवसांत मुंबई बंदरी पोचू लागला. त्याचा पेरा वाढला. पण वाट दोन्ही दिशांनी चालते. इकडून कापूस जाई, तिकडून विलायती कापड येई. भाव दूरदेशी ठरू लागला आणि गावच्या विणकराचा माग मंदावला. पुढे हिंगणघाट व पुलगाव येथे कापडगिरण्या निघाल्या, तेव्हा काही कापसाचे सूत येथेच निघू लागले व अनेक हातांना काम मिळाले. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे ठाणे वर्ध्याच्या मगनवाडीत होते. ‘गावच्या मालावर गावातच काम व्हावे’, हा त्याचा आग्रह होता.

आज मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग या जिल्ह्यातून जातो. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. त्याच्यासाठी शेतजमीनही द्यावी लागली. रस्त्याखाली गेलेली जमीन पुन्हा पीक देत नाही. शिवाय या मार्गावर ठरावीक ठिकाणीच चढता येते. जवळच्या खेड्याला चढण्याची सोय नसेल, तर त्याने धावत्या गाड्या नुसत्या पाहाव्यात काय? म्हणून मोठ्या मार्गाला गावरस्त्यांची जोड हवी आणि मार्गाजवळ पिकावर प्रक्रिया करणारे उद्योग हवेत. रस्ता किती वेगाने नेतो, हे तर पाहावेच. पण तो गावातून काय नेतो आणि गावात काय ठेवून जातो, हेही पाहिले पाहिजे.

स्वाध्याय
१. ‘वाट दोन्ही दिशांनी चालते’, असे लेखकाने का म्हटले आहे?
२. तुमच्या गावाहून कोणता माल बाहेर जातो व कोणता येतो, याची यादी करा.