जुनी फटफटी आणि गळकी टाकी

गावात पुष्कळ घरी एखादी जुनी फटफटी असते. गोठ्याच्या कुडाला टेकून ती उभी असते. कोंबड्या तिच्यावर बसतात. एक दिवस भंगारवाला येतो आणि किलोच्या भावाने तिला मागतो. घरधनी म्हणतो, "न्या बाबा, एकदाची!" आमचे म्हणणे एवढेच, की जरा थांबा. गाडी आधी नीट पाहा, मग ठरवा.

राजदूत ही अशीच एक गाडी. पोलंड देशातल्या एसएचएल एम-११ या गाडीवरून एस्कॉर्ट्स कंपनीने ती १९६० नंतरच्या दशकात भारतात काढली. दुधाचे कॅन लादून ती पाणंदीने चाले, चढण चढे. म्हणून गवळी लोकांना ती फार आवडे. आता ती नवी मिळत नाही. पण तिचे इंजिन साधे आहे. थोडी समज आणि धीर असेल, तर ती कमी पैशात पुन्हा चालू होते.

आधी कागद, मग पाना

आता आपल्याला वाचता येते. तेव्हा गाडीचे आर. सी. बुक स्वतः वाचा. त्यातला इंजिनचा नंबर आणि चासीचा नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहा. एकही अक्षर चुकता कामा नये. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे आर. टी. ओ. कचेरीत गाडी दाखवून ती ५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. कागदाचा पत्ता नसेल, तर गाडीवर एक रुपयाही खर्चू नका.

पैसा कोठे घालावा?

लोक आधी रंग देतात. हे उलटे झाले. पहिला पैसा ब्रेक, टायर आणि वायरी यांवर घालावा. रंग सर्वांत शेवटी. काही कामांना तर पैसाच लागत नाही. दोन स्ट्रोकच्या इंजिनात पेट्रोलबरोबर तेल जळते. त्याची काजळी सायलेन्सरमध्ये साचते आणि गाडी दमते. ती काजळी खरवडून काढा. प्लग पुसा. साखळी धुऊन तेल घाला. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

टाकी कोठे गळते?

थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण पैशाला ठीक आहे. पेट्रोलला ती लागू करू नका. इंजिन तापलेले असते. त्यावर थेंब पडला, तर पेट घ्यायला वेळ लागत नाही.

टाकी बाहेरून पुसून कोरडी करा. जोडावर आणि खालच्या बाजूला खडू घासा. जेथे खडू ओला होऊन काळपट दिसेल, तेथे गळती आहे. पुष्कळदा टाकी चांगली असते, आणि कॉकचा वायसर तेवढा वाळलेला असतो. मग वायसर बदलला, की काम झाले.

वाटेत गळती लागली, तर धुण्याच्या साबणाची वडी त्या जागी घासून दाबावी. घरापर्यंत येता येते. पण तो इलाज घरापर्यंतचाच.

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट

हे वाक्य दोनदा वाचा.

द्रव पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते. भरलेल्या टाकीत वाफेला आणि हवेला जागा थोडी असते. रिकाम्या टाकीत दोन्ही एकत्र होतात आणि ठिणगी पडताच बॉम्बसारखा स्फोट होतो. कोणी म्हणेल, "अहो, सहा महिने टाकी कोरडी आहे, काय होतंय?" पण पेट्रोल गंजात आणि जोडाच्या घडीत मुरून बसते. ऊब लागली, की त्याची पुन्हा वाफ होते. म्हणून न धुतलेली टाकी वेल्डिंगला देणे म्हणजे वेल्डरच्या जिवाशी खेळ आहे.

पेट्रोल काढायचे ते उघड्यावर, चूल, कंदील आणि विडी यांपासून लांब. ही वाफ हवेहून जड असते, जमिनीलगत सरकत जाते. नळी तोंडाने ओढू नका. पेट्रोल फुप्फुसात गेले, तर माणूस दगावतो. काढलेले पेट्रोल झाकणाच्या डब्यात ठेवा. विहिरीजवळ किंवा गटारात ओतू नका.

धुणे आणि गंज काढणे

टाकी गाडीवरून उतरवा. कॉक काढून त्या जागी बूच मारा. कढत पाणी आणि धुण्याची पावडर घालून टाकी चार-पाच वेळा खळखळून धुवा. पाणी तापवायची चूल लांब असू द्या.

मग थोडे पाणी आणि मूठभर नट घालून टाकी हलवा. नट मोजून घाला, मोजून काढा. नंतर शिरका, म्हणजे दुकानातले व्हिनेगर, टाकीत एक-दोन दिवस भरून ठेवा. चिंचेने तांब्याचे भांडे निघते, तसा आंबटाने लोखंडाचा गंज सुटतो. यातही जळणारा वायू थोडा निघतो. म्हणून झाकण सैल ठेवा आणि विस्तव जवळ आणू नका. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्याने टाकी धुवा आणि लगेच उन्हात वाळवा. ओली राहिली, तर पुन्हा गंज धरते.

गंज गेल्यावर आणखी बारीक भोके दिसतील. वाईट वाटून घेऊ नका. ती आधीचीच आहेत, गंजाने बुजली होती.

भोक बुजवणे

सुईएवढे भोक कारागिराकडून कथिलाने झाळून घ्यावे. किंवा दोन भाग कालवून लावायचा लांबीसारखा मसाला मिळतो, तो लावावा. मात्र पाकिटावर "पेट्रोल सहन करतो" असे लिहिलेले असावे. दुकानदार सांगतो म्हणून नव्हे, स्वतः वाचून घ्या. जोडच कुजला असेल, तर जाणत्या वेल्डरकडे जा. टाकी पेट्रोलची आहे, हे त्याला आधी सांगा. जाणता वेल्डर टाकी पाण्याने जवळजवळ काठोकाठ भरतो आणि भोक तेवढे वर ठेवतो, म्हणजे वाफेला जागाच उरत नाही.

आजच्या पेट्रोलमध्ये शेकडा २० पर्यंत इथेनॉल असते. ते पाणी ओढते आणि जुने रबर मऊ करते. म्हणून जुनी नळी बदला आणि गाडी उभी ठेवायची असेल, तर टाकीत शिळे पेट्रोल ठेवू नका. झाकणातले हवेचे बारीक भोकही मोकळे करा. ते बुजले, तर पेट्रोल खाली उतरत नाही आणि गाडी चढणीवर बंद पडते.

शेवटी थोडे पेट्रोल घालून टाकीखाली कागद पसरा. रात्रभर ती उघड्या पडवीत, विस्तवापासून लांब ठेवा. सकाळी कागद कोरा निघाला, तर काम साधले. डाग पडला, तर पुन्हा पहिल्यापासून. आळस करू नये. चार दिवस जास्त गेले तरी चालतील, माणूस जाता कामा नये.

सांगा पाहू

१. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची का?
२. नट मोजून का घालावेत?
३. मसाल्याच्या पाकिटावर काय वाचावे?
४. आपल्या गावात वेल्डिंग करणाराला हा धडा वाचून दाखवा. तो काय म्हणाला, ते वहीत लिहा.