बिलिंग सॉफ्टवेअर भरवशाचं आहे का? पैसे भरण्याआधी घ्या या ३ चाचण्या

सॉफ्टवेअर घेताना आपण किंमत बघतो, बिलाची डिझाईन बघतो, डेमो बघतो. पण डेमो चालू असताना लाईट जात नाही, दुकानात जाते. आपल्या निलंगा भागात कृषी केंद्रवाला जूनमध्ये बियाणं-खत उधार देतो आणि वसुली सोयाबीन निघाल्यावर करतो. मधले तीन-चार महिने त्याचं भांडवल म्हणजे त्या नोंदीच. त्या गेल्या तर पैसे मागायचे कशाच्या जोरावर?

चाचणी १: लाईट घालवा. जुन्या कॉम्प्युटरवर खोट्या नोंदी टाका, बिल सेव्ह होत असतानाच वीज बंद करा. असं पाच-सहा वेळा करा. बिल एक तर पूर्ण दिसलं पाहिजे, नाही तर अजिबात नाही. स्टॉक कमी झाला पण उधारी चढली नाही, तर ते सॉफ्टवेअर नापास! चांगला डेटाबेस जुन्या मुनीमजींसारखा वागतो. आधी रोजकीर्द, मग खतावणी. खतावणी अर्धवट राहिली तरी रोजकीर्दीवरून हिशोब जुळवता येतो. डेटाबेसच्या या रोजकीर्दीला जर्नल किंवा लॉग म्हणतात. अँड्रॉइड फोनमधला एसक्यूलाइट हा डेटाबेस फुकट आहे, तरी तोही जर्नल ठेवतो. म्हणून किंमतीवरून भरवसा ठरवू नका.

चाचणी २: बॅकअप उघडून बघा. 'बॅकअप झाला' हा मेसेज म्हणजे पुरावा नव्हे. तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोअर करा आणि एकूण उधारी, स्टॉक पैशापर्यंत जुळवा. आणि पेनड्राइव्ह गल्ल्यातच ठेवू नका. २१ जून २०१२ ला मुंबईत मंत्रालयाला आग लागली, असंख्य फायली जळाल्या. ज्यांची प्रत दुसरीकडे नव्हती, त्या कायमच्या गेल्या. एक प्रत दुकानात, एक घरी, एक ऑनलाइन ठेवा.

चाचणी ३: बाहेर पडायची वाट बघा. वर्गणी संपली तर माझा डेटा एक्सेलमध्ये निघेल का? हे विक्रेत्याला विचारू नका, ट्रायलमध्ये स्वतः काढून बघा. जीएसटी नोंदणी असेल तर वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशोब जपावा लागतो. कंपनी तेवढी टिकेल याची हमी कोण देणार?

तिन्हींत पास झालं, तरच खरा हिशोब त्यात टाका. पहिला हंगाम वहीसुद्धा सोबत चालू ठेवा आणि दर आठवड्याला दोन्हीकडची बेरीज जुळवा. तुमचं सॉफ्टवेअर कुठल्या चाचणीत अडकलं, ते कमेंटमध्ये नक्की लिहा!