मनू, जोडावर पैसे वाचवू नकोस

मनू, तू सोसायटीची सेक्रेटरी झालीस याचा मला मनापासून आनंद आहे. जबाबदारी घ्यायला माणसं पुढे येत नाहीत, तू आलीस. पण काल फोनवर जे सांगितलंस ते डोक्यात घोळतंय, म्हणून सविस्तर लिहिते. पावसाळा लागला की इंटरकॉम खरखरतो, तिसऱ्या मजल्यावर घंटीच वाजत नाही, एका घरातलं बोलणं दुसऱ्या घरात ऐकू येतं, आणि कंत्राटदार म्हणतो की सगळी वायर बदलायला हवी. कोटेशनवर सही करण्याआधी माझं ऐक.

वायर अधेमधे क्वचितच बिघडते. ती बिघडते जोडावर. तुझ्या तिन्ही तक्रारी नीट बघ. खरखर म्हणजे ओल लागलेला जोड. घंटी वाजत नाही म्हणजे बहुधा सुटलेला जोड. दुसऱ्याचं बोलणं ऐकू येतं म्हणजे जोडताना एका जोडीतली एक तार दुसऱ्या जोडीतल्या तारेशी बांधली गेली असण्याची शक्यता मोठी. म्हणून आधी गेटच्या केबिनपासून गच्चीपर्यंत प्रत्येक डबा उघडून बघायला लाव.

करंजाड्याची हवा तुला माहीत आहे. एका बाजूला गाढी नदी, जवळच पनवेलची खाडी, चार महिने धो धो पाऊस आणि उरलेले महिने बांधकामांची धूळ. अशा हवेत नुसता पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळलेला जोड किती टिकणार? उन्हाळ्यात टेपचा गोंद पातळ होतो, टेप सुटते आणि पहिल्या पावसात पाणी आत शिरतं. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं ना, तसंच तांबं आत हिरवं पडतं. त्यात टेलिफोनच्या तारेत एकाच दिशेने वाहणारी वीज असते. ओल आणि अशी वीज एकत्र आली की धन बाजूची तार हळूहळू खाल्ली जाते. एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटरीची धन बाजू जमिनीला जोडण्याची पद्धत पडली ती याच झिजेपासून तारा वाचाव्यात म्हणून.

कुणी तुला म्हणेल, "पूर्वी सगळे पीळच देत होते, तेव्हा कुठे बिघडत होतं?" खरं आहे. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ साली सुरू झालं आणि पुढे किती तरी वर्षं केबल जॉइंटर हातानेच पीळ देत. पण ते त्यावर कागदाची नळी चढवत, मग सगळ्या जोडांवर शिशाचं आवरण बसवून ते झाळून बंद करत. आत थेंबभर पाणी जाऊ नये याची सगळी काळजी त्यात होती. आज पीळ तेवढा उरला आणि आवरण गेलं. चूक तिथे आहे.

यावरचा आजचा इलाज छोटासा आहे: जेल भरलेला कनेक्टर. लाइनमन याला सरसकट यूवाय म्हणतात. थ्रीएमचं स्कॉचलॉक हे त्यातलं जुनं आणि माहितीचं नाव. नखाएवढा पारदर्शक तुकडा, वर रंगीत बटण. तारेचं प्लास्टिक सोलायचंच नाही. दोन्ही तारा भोकांतून अगदी शेवटपर्यंत आत सारायच्या, त्या टोकाला पोचल्या की बाहेरून दिसतात, आणि मग बटण दाबायचं. आतली धातूची पट्टी प्लास्टिक चिरून तांब्याला घट्ट धरते आणि जेल चहूबाजूंनी भरून ओल बाहेर ठेवतं. पिवळ्या बटणाचा यूवाय दोन तारांसाठी. लाल बटणाचा यूआर तीन तारा घेतो. निळा यूबी चालू तार न तोडता तिच्यातून फाटा काढायला. तुमच्याकडे प्रत्येक घराला स्वतंत्र जोडी आहे, तेव्हा मुख्य काम पिवळ्याचंच. कुणाला बेडरूममध्ये दुसरा फोन हवा असेल तरच बाकीचे लागतील.

आता निवडताना काय बघायचं ते सांगते. जेल नसलेले कोरडे कनेक्टर स्वस्त मिळतात, ते घेऊ नकोस. पाकीट बंद असू दे, त्यावर कंपनीचं नाव आणि किती जाडीची तार चालते ते छापलेलं असू दे. पिवळा यूवाय साधारण ०.४ ते ०.७ मिलिमीटर जाडीच्या एकेरी तारेसाठी असतो आणि आपल्या इमारतींतली टेलिफोन वायर बहुतेक ०.५ची असते, म्हणजे नेमकी त्यात बसते. पण फोनपासून भिंतीपर्यंत जी चपटी, मऊ दोरी येते, तिच्यात बारीक धाग्यांच्या तारा असतात. ती या कनेक्टरमध्ये कधीच घालू नये, पट्टीला ते धागे धड पकडता येत नाहीत. आणि विजेच्या वायरींसाठी मिळणारी स्क्रूची कनेक्टर पट्टीही नको. स्क्रू पिळला की इतकी बारीक तार कापली जाते.

वायर नवीन घ्यायची वेळ आलीच तर दुकानातच ब्लेडने ती खरवडून बघ. वर पांढरी आणि आत तांबूस असेल तर कथिलाचा मुलामा दिलेलं तांबं आहे, उत्तम. वर तांबूस आणि आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, परत कर. चांगला कनेक्टरही अशा तारेला वाचवू शकत नाही.

पनवेलच्या बाजारात मनासारखा माल नाही मिळाला तर लॅमिंग्टन रोडला जाऊन ये. मात्र थोक घेण्याआधी नमुन्याचे चार-पाचच आण आणि घरीच परीक्षा घे. दोन तुकडे जोड, एकेक तार वेगवेगळी ओढून बघ, निसटता कामा नये. मग तो जोड पेलाभर मिठाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेव, तारांची मोकळी टोकं पाण्याबाहेर असू देत. सकाळी मल्टिमीटरचं एक टोक तारेला आणि एक पाण्यात लाव. ओहमच्या सर्वांत वरच्या रेंजवरही काटा किंवा आकडा हलला नाही तर माल विश्वासाचा.

चांगला कनेक्टरही वाईट हातात वाया जातो. बटण सरळ, समांतर दाबणारी पक्कड कंत्राटदाराकडे आहे का ते विचार. साध्या पकडीने ते तिरकं बसतं, एक तार पकडली जाते आणि दुसरी अर्धवट राहते. एकदा दाबलेला कनेक्टर पुन्हा वापरायचा नाही. निळी-पांढरी, नारिंगी-पांढरी, हिरवी-पांढरी अशा जोडीतली प्रत्येक तार आपल्याच जोडीदाराबरोबर राहिली पाहिजे आणि जोडीचा पीळ जोडाच्या अगदी जवळपर्यंत तसाच ठेवायला हवा. भिंतीतल्या पाइपात जोड नको, उघडता येईल अशा डब्यातच हवा. डब्यात वायर खालून येऊ दे आणि थोडी ढील सोडलेली असू दे, म्हणजे पाणी जोडाकडे ओघळणार नाही. विजेच्या वायरींचा पाइप वेगळा. आणि हे कनेक्टर घरातल्या २३० व्होल्टच्या विजेला कुणाला लावू देऊ नकोस, त्यासाठी ते नाहीतच. चालू लाइनवर उघड्या हाताने कामही नको. घंटी वाजताना तारेत बऱ्यापैकी झटका देणारा दाब येतो.

काही घरांत आता फायबर आला आहे, तेव्हा इंटरकॉमवर खर्च कशाला, असंही सभेत कुणी विचारेल. त्यांना शांतपणे सांग की फायबरचा डबा विजेवर चालतो आणि लाइट गेली की तोही बंद पडतो. इंटरकॉमच्या यंत्राला मात्र एक बॅटरी दिली की सगळी इमारत बोलती राहते. अडकलेल्या लिफ्टमधून केबिनला लावलेला फोन, रात्री छातीत दुखायला लागलेल्या आजोबांनी वॉचमनला मारलेली हाक, हे सगळं त्या नखाएवढ्या जोडातून जातं. म्हणून मी एवढी मागे लागले आहे.

तेव्हा कामाच्या आदेशातच लिही: जेल भरलेले कनेक्टर, कंपनीचं नाव, प्रत्येक डब्यावर घरक्रमांकाची चिठ्ठी, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर सगळ्या घरांची पुन्हा तपासणी झाल्यावरच शेवटचा हप्ता. सभेत कुणी म्हणालं की एवढ्याशा गोष्टीसाठी एवढा आग्रह कशाला, तर डगमगू नकोस. तुझा हिशोब बरोबर आहे. लागलं तर मला फोन कर, मी रविवारी येते आणि पहिला डबा आपण दोघी मिळून उघडू.

तुझी ताई