तीन पायांचा आधार

उन्हाळ्याची सुट्टी लागली की, ब्रिटनमधील अनेक कुटुंबे आपले घर मोटारीच्या मागे जोडून प्रवासाला निघतात. हे घर म्हणजे चाकांवरची एक लहानशी खोली होय. तिला कॅराव्हॅन असे म्हणतात. निजण्याची बाके, स्वयंपाकाची शेगडी, भांड्यांचे कपाट असा सारा संसार त्या खोलीत सामावलेला असतो. अशा प्रवासाची हौस तेथे जुनी आहे. १८८५ साली डॉ. गॉर्डन स्टेबल्स ह्या नौदलातील निवृत्त शल्यवैद्याने ब्रिस्टल येथे एक मोठी कॅराव्हॅन बांधवून घेतली. तिला दोन घोडे जोडून तो दक्षिण इंग्लंडातून थेट स्कॉटलंडमधील इनव्हर्नेसपर्यंत गेला. त्या गाडीचे नाव त्याने ‘वाँडरर’, म्हणजे ‘भटक्या’, असे ठेविले होते.

आता घोड्यांची जागा मोटारीने घेतली आहे आणि प्रवाशांच्या सामानात दूरचित्रवाणीची भर पडली आहे. डोंगराळ भागातील मुक्कामी दूरध्वनीच्या मनोऱ्यांची पोच पुष्कळदा अपुरी पडते. संध्याकाळी पावसाची झड लागली, म्हणजे मुले खिडकीशी कंटाळून बसतात आणि उद्याच्या हवामानाचे वृत्त ऐकण्यासाठी वडीलमंडळी उत्सुक असतात. अशा वेळी उपग्रहाकडून कार्यक्रम ग्रहण करणारी तबकडी उपयोगी पडते. परंतु रोज नव्या जागी उभ्या राहणाऱ्या घरासाठी ही तबकडी बसवावी कशावर?

हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. पण तो नीट समजण्यासाठी प्रथम आकाशाकडे पाहिले पाहिजे. ब्रिटनसाठी कार्यक्रम प्रक्षेपित करणारे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, २८.२ अंश पूर्व रेखांशाच्या ठिकाणी आहेत. पृथ्वी स्वतःभोवती जितक्या वेळात फिरते, तितक्याच वेळात हे उपग्रह तिच्याभोवती एक फेरी पुरी करितात. म्हणून जमिनीवरून पाहणाऱ्यास ते एकाच जागी स्थिर असल्यासारखे भासतात. अशा उपग्रहांच्या साह्याने साऱ्या जगाशी संपर्क साधता येईल, हा विचार आर्थर क्लार्क ह्या इंग्रज लेखकाने १९४५ सालीच मांडला होता.

लंडनमधून पाहिल्यास हे उपग्रह आग्नेय दिशेस, क्षितिजापासून सुमारे २५ अंश उंचीवर असतात. एडिंबरो येथे ही उंची सुमारे २० अंश होते आणि इनव्हर्नेसला तर ती १९ अंशांच्या आसपास उतरते. हात लांब करून मूठ धरली, तर तिची रुंदी आकाशात साधारण १० अंश व्यापते. तेव्हा स्कॉटलंडमधील प्रवाशाने आग्नेयेस क्षितिजावर दोन मुठी मोजाव्या. तेवढ्या उंचीपर्यंत झाड वा डोंगर आड येत असेल, तर तेथे तबकडी लावणे व्यर्थ होय.

उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी अत्यंत क्षीण असतात. सुमारे ६० सेंटिमीटर व्यासाची तबकडी त्या गोळा करून समोरच्या ग्राहकावर एकवटते. परंतु तिचे तोंड दोन अंशांनी जरी चुकले, तरी पडद्यावरील चित्राचे चौकोनी तुकडे होतात आणि मग ते नाहीसे होते. म्हणूनच ती कॅराव्हॅनच्या छपरावर नुसती अडकवून भागत नाही. आत कोणी चालले की गाडी हलते, आणि गाडीबरोबर तबकडीही हलते. शिवाय मुक्कामाची जागा झाडाखाली असली, तर घरास सावली हवी असते आणि तबकडीस मोकळे आकाश! ह्यास्तव तबकडीचा आधार घरापासून वेगळा, उचलून नेता येण्याजोगा असणे सोयीचे ठरते.

असे तयार आधार बाजारात मिळतात. परंतु कित्येक प्रवासी ते घरच्याच वस्तूंतून सिद्ध करितात. छायाचित्रकाराची मजबूत जुनी तिवई किंवा ध्वनिवर्धक उभा करण्याचा तीन पायांचा खांब त्यांच्या कामी येतो. पाय तीनच का, हे चुलीपाशी बसलेल्या कोणासही सांगता येईल. चार पायांचे बाक ओबडधोबड जमिनीवर डुगडुगते. पण चुलीचे तीन दगड कसेही मांडले, तरी वर ठेवलेले भांडे डुगडुगत नाही. कोणतेही तीन बिंदू एका पातळीत येतातच. चौथा मात्र त्या पातळीत येईलच असे नाही.

तिवई उभी केल्यावर तिचा मधला खांब सरळ आहे किंवा नाही, हे पाहणे अगत्याचे असते. भिंत रचताना गवंडी ओळंबा धरतो, त्याचप्रमाणे दोऱ्याला लहानसे वजन बांधून हा खांब दोन बाजूंनी ताडून पाहता येतो. खांब सरळ असेल, तर तबकडीचा उंचीचा कोन एकदा मोजपट्टीवर लावून ठेवता येतो आणि मग ती डावीउजवीकडे फिरविली, तरी तो कोन बदलत नाही. खांब कललेला असेल, तर तबकडी फिरविताना उंचीही बदलत जाते आणि एका शोधाचे दोन शोध होतात. खांब उभा झाल्यावर होकायंत्राने आग्नेय दिशा ठरवावी; मात्र होकायंत्र लोखंडी वस्तूंपासून दूर धरावे. मग तबकडी थोडी फिरवावी, काही क्षण थांबावे आणि पुन्हा थोडी फिरवावी. यंत्रास लहरी ओळखण्यास अवधी लागतो. घाईने फिरविणाऱ्याच्या हातून उपग्रह निसटून जातो आणि त्याला ते कळतही नाही.

आता उरला वारा. तबकडी वाऱ्यापुढे शिडासारखी उभी असते. तिवई हलकी असेल, तर ती एका झोतात आडवी होते. हिरवळीवर पाय खुंट्यांनी जखडता येतात. परंतु खडी पसरलेल्या जागेत खुंटी शिरत नाही. तेथे वजनच हवे. मग प्रवासात लोखंडाचे ओझे वाहावे काय? कॅराव्हॅनमध्ये किती वजन भरावे, ह्यास तर मर्यादा असते. चतुर प्रवासी ह्यावर सोपी युक्ती योजतात. ते घडी घालता येणारी रिकामी पिशवी बरोबर घेतात आणि मुक्कामी पोचल्यावर नळाचे दहा लिटर पाणी तीत भरून ती तिवईच्या मध्यभागी टांगतात. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो वजन! तिवईचे पाय फाकवून तबकडी जमिनीलगत ठेवली, की हे वजन अधिकच उपयोगी पडते. निघताना पाणी झाडांना घालावे आणि पिशवीची घडी करावी. वजनाची गरज उभे राहताना असते, चालताना नसते, हे ज्याने ओळखले, त्याचे निम्मे ओझे कमी झाले.

ह्या साध्या आधारात मोठे यंत्रकौशल्य नाही. आपल्याला नेमके काय हवे आहे, ह्याचा विचार करून हाताशी असलेल्या वस्तूंकडे पाहण्याची दृष्टी मात्र त्यात आहे. हजारो किलोमीटरांवरून आलेला क्षीण संदेश झेलण्यासाठी जमिनीवरचे तीन पाय तेवढे स्थिर असावे लागतात.

स्वाध्याय

१. तबकडी कॅराव्हॅनच्या छपरावर न लावता वेगळ्या आधारावर लावणे सोयीचे का ठरते?
२. खांब सरळ नसल्यास कोणती अडचण येते?
३. ‘वजनाची गरज उभे राहताना असते, चालताना नसते’, हे वाक्य उदाहरणासह स्पष्ट करा.
४. तुमच्या घरातील टाकाऊ वस्तूंतून तीन पायांचा एखादा आधार तयार करा आणि त्याची कृती दहा ओळींत लिहा.